वेष्टनावरील पर्यावरण-चिन्हे : माहिती, विश्वास आणि पुनर्चक्रीकरण

किराणा दुकानातील दोन साबणांची किंमत, वजन आणि सुवास ग्राहकाला तिथल्या तिथे पडताळता येतो. परंतु कोणत्या साबणाच्या निर्मितीत पाण्याचे प्रदूषण कमी झाले, कोणाचे वेष्टन पुन्हा उपयोगात येईल, हे त्याला वापरानंतरही कळत नाही. उत्पादकाजवळ असलेली माहिती ग्राहकाजवळ नसणे, या स्थितीस अर्थशास्त्रात ‘माहितीची विषमता’ म्हणतात. अशा बाजारात चांगला माल मागे पडतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवून दिले. २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होत. वेष्टनावरील पर्यावरण-चिन्ह हा ही विषमता कमी करण्याचा उपाय आहे.

‘इकोमार्क’चा अनुभव

भारताने या दिशेने लवकर पाऊल उचलले. केंद्र सरकारने १९९१ मध्ये ‘इकोमार्क’ योजना सुरू केली. मातीतून घडणारा आणि फुटल्यावर मातीतच मिसळणारा माठ हे तिचे बोधचिन्ह होते. साबण, कागद, रंग, वेष्टन-साहित्य इत्यादींसाठी निकष ठरविण्यात आले आणि प्रमाणनाचे काम भारतीय मानक ब्यूरोकडे सोपविण्यात आले.

तथापि योजनेला प्रतिसाद अल्प मिळाला. ती ऐच्छिक होती. शिवाय गुणवत्तेचे मानक आणि पर्यावरणविषयक निकष या दोहोंची पूर्तता आवश्यक होती. हा खर्च उत्पादकाने सोसावा, तर माठाचे चिन्ह ओळखून जादा किंमत देणारा ग्राहक बाजारात नव्हता. चिन्ह दिसत नाही म्हणून ओळख नाही आणि ओळख नाही म्हणून उत्पादक पुढे येत नाहीत, असे हे दुष्टचक्र होते. याउलट शाकाहारी खाद्यपदार्थांवरील हिरवा ठिपका सक्तीचा आणि सोपा असल्याने घरोघरी परिचित झाला. १९९१ च्या योजनेऐवजी सप्टेंबर २०२४ मध्ये नवे इकोमार्क नियम अधिसूचित करण्यात आले. त्यांची अंमलबजावणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ मानक ब्यूरोच्या सहकार्याने करते.

त्रिकोणातील आकडा

प्लॅस्टिकवरील बाणांच्या त्रिकोणाबाबत गैरसमज मोठा आहे. १९८८ मध्ये अमेरिकेतील प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने ही पद्धत सुरू केली. त्यातील १ ते ७ हे आकडे केवळ प्लॅस्टिकचा प्रकार सांगतात : १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचे पीईटी, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ७ म्हणजे इतर. वस्तूचे पुनर्चक्रीकरण होईलच, अशी हमी त्यात नाही. पीईटीच्या बाटलीला भंगारात भाव मिळतो. अनेक थरांच्या वेफर्सच्या पाकिटाला सहसा मिळत नाही, कारण ते थर वेगळे करणे खर्चिक असते. कचरावेचकाची दिवसाची कमाई याच फरकावर अवलंबून असते.

नव्या तरतुदी

प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीने उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वे समाविष्ट झाली. कठीण प्लॅस्टिकच्या वेष्टनात २०२५-२६ साठी ३० टक्के पुनर्चक्रित प्लॅस्टिकचे उद्दिष्ट त्यांत ठरविण्यात आले. २०२५ च्या दुरुस्तीने वेष्टनाविषयीची विहित माहिती क्यूआर कोड वा बारकोडद्वारे देण्याचा मार्ग १ जुलै २०२५ पासून उपलब्ध झाला. ‘हरित’, ‘निसर्गस्नेही’ अशा निराधार दाव्यांना आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पुढील दिशा

कोडमधील माहिती नियामकास उपयुक्त आहे. परंतु स्मार्टफोन नसलेल्या ग्राहकाला आणि कचरावेचकाला ती दिसत नाही. म्हणून वेष्टनावर स्थानिक भाषेत, ठळक अक्षरांत ‘हे कोणत्या डब्यात टाकावे’ एवढे तरी असावे. त्याचबरोबर ओला व सुका कचरा वेगळा उचलण्याची व्यवस्था नगरपालिकांनी केली पाहिजे. अन्यथा ग्राहकाने चिन्ह वाचून वेगळे ठेवलेले वेष्टन घंटागाडीत पुन्हा एकत्रच होईल. चिन्हाचे मोल अखेर त्यामागील व्यवस्थेवरच ठरते.