ध्वनिविलंब परिणाम, दृश्य आज्ञावलीतील
ध्वनी साठवून ठराविक काळाने पुन्हा ऐकविल्यामुळे होणारा परिणाम. पूर्वी त्यासाठी चुंबकीय फीत वापरीत. मुद्रण व पुनरुत्पादन शीर्षांमधील अंतर आणि फितीचा वेग यांवरून विलंब ठरे. संगणकात फितीचे कार्य स्मृती करते.

दृश्य आज्ञावलीलेखनात लिखित आज्ञांऐवजी पडद्यावर चौकटी मांडून त्या रेषांनी जोडतात. मिलर पकेट यांनी १९८०–९० या दशकात पॅरिस येथील इर्काम संस्थेत ‘मॅक्स’ ही प्रणाली व नंतर अमेरिकेत ‘प्युअर डेटा’ ही प्रणाली तयार केली. पुढील विवेचन दुसऱ्या प्रणालीस अनुसरून आहे.

रचना : ‘डेलराइट’ या चौकटीस स्मृतीचे नाव व कमाल विलंब (मिलिसेकंदांत) देतात. सेकंदास ४४,१०० नमुने घेतल्यास १ सेकंदाच्या विलंबासाठी तितकेच नमुने साठवावे लागतात. स्मृती वर्तुळाकार असल्याने ती भरल्यावर सर्वांत जुन्या नमुन्याच्या जागी नवा लिहिला जातो. त्याच नावाची ‘डेलरीड’ ही चौकट इष्ट विलंबाने नमुने वाचते.

पुनःप्रदाय : वाचलेला संकेत एका गुणकाने गुणून पुन्हा डेलराइटमध्ये सोडल्यास प्रतिध्वनींची मालिका मिळते. गुणक ०·५ असल्यास प्रत्येक फेरीत परमप्रसर निम्मा होतो (सु. ६ डेसिबेल घट) व दहा फेऱ्यांनंतर सु. एक-हजारांश उरतो, विलंब ३०० मिलिसेकंद असल्यास यास ३ सेकंद लागतात. गुणक १ असल्यास ध्वनी विरतच नाही. १ पेक्षा जास्त असल्यास तो वाढत जाऊन विकृत होतो आणि ध्वनिक्षेपकास व कानास अपाय करू शकतो. म्हणून गुणकास १ पेक्षा कमी अशी मर्यादा आधीच घालतात.

मर्यादा : ध्वनिसंकेताच्या रेषांचे थेट वर्तुळ प्रणालीस चालत नाही, कारण प्रत्येक चौकटीस आपले गणित करण्यापूर्वी आदान मिळावे लागते. विलंबस्मृती हे वर्तुळ रेषेविना पूर्ण करते. तथापि गणित ६४ नमुन्यांच्या गटाने होत असल्यामुळे पुनःप्रदायातील विलंब एका गटाहून, म्हणजे सु. १·४५ मिलिसेकंदांहून, कमी होऊ शकत नाही. प्रतिध्वनीस याची अडचण नसते. परंतु छेडलेल्या तारेसारखा स्वर निर्माण करताना विलंबाचा व्यस्तांक हीच स्वराची कंप्रता असल्याने सु. ६८९ हर्ट्झच्या वरचे स्वर मिळत नाहीत. त्यासाठी तेवढ्या भागाचा गट १ नमुन्याचा करतात. मात्र संगणकावरील भार वाढतो.

बदलता विलंब : विलंब एकदम बदलल्यास खटका ऐकू येतो. तो सावकाश बदलण्यासाठी चार नमुन्यांवरून मधले मूल्य काढणारी चौकट वापरतात. विलंब वाढत असताना स्वर उतरतो व घटत असताना चढतो. सु. २०–३० मिलिसेकंदांचा विलंब असा किंचित हलता ठेवून मूळ ध्वनीत मिसळल्यास एकच आवाज वृंदगायनासारखा भासतो.