गल्लीतला शॉर्टकट कुणाचा?

माझी आजी पुण्यात पेठेत राहते. मंडई चालत दहा मिनिटांवर. पण हल्ली रस्ता ओलांडायची भीती वाटते, म्हणून ती भाजी ॲपवरून मागवते. आणि मी? ऑफिसला जाताना मॅप दाखवेल त्या गल्लीतून बाइक दामटतो. कुणाच्या तरी आजीच्याच दारावरून!

म्हणून आज नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनची गोष्ट. १९७७ साली तिथे शहराच्या मध्यभागाचे चार भाग केले. कारने एका भागातून दुसऱ्यात थेट जायचं नाही. बाहेर रिंगरोडवर जायचं, तिथून परत आत यायचं. चालणारे आणि सायकलवाले मात्र सरळ जाणार.

माझ्या भाषेत सांगतो. शहर म्हणजे ग्राफ. चौक म्हणजे नोड, रस्ते म्हणजे एज. त्यांनी मोजक्याच एज काढल्या, त्याही फक्त कारसाठी. कार भागात आत येऊ शकते, फक्त आरपार जाता येत नाही. त्यामुळे जवळच्या कामाला सायकलच सोयीची पडते.

दुकानदारांनी कडाडून विरोध केला होता. तरी योजना टिकली. २०१७ मध्ये बेल्जियमच्या गेंटनेही असंच केलं.

आपल्याकडे हे जसंच्या तसं चालणार नाही. आधी बस वाढवाव्या लागतील, फुटपाथ मोकळे करावे लागतील. नाहीतर सगळी गर्दी शेजारच्या रस्त्यावर जाईल.

तोवर मी मोठ्या रस्त्यानेच जाणार. पाच मिनिटं उशीर होईल, होऊ दे. तुमच्या घरासमोरून कुणाचा शॉर्टकट जातो? नक्की कळवा.