पी.टी.ओ.चा क्लच घसरतोय? ट्रॅक्टर खोलण्याआधी हे पाहा

रोटाव्हेटर उसाच्या पाचटात घातला की पाती थांबतात, ट्रॅक्टर मात्र पुढे चालतच राहतो, अशी तक्रार मृगाच्या तोंडावर हमखास येते. मिस्त्री लांबूनच सांगतो, 'क्लच गेला.' मग ट्रॅक्टर मधून खोलायचा, नवा सेट टाकायचा आणि पेरणीचे दिवस गॅरेजात घालवायचे. क्लच खरंच गेला असेल तर इलाज नाही. पण पुष्कळदा दुखणं दुसरीकडंच असतं.

रोटाव्हेटर चालवणाऱ्या बऱ्याच ट्रॅक्टरला डबल क्लच असतो, म्हणजे एका पेडलवर दोन प्लेटा. पेडल अर्धे दाबले की ट्रॅक्टर थांबतो, पुरते दाबले की पी.टी.ओ.ही थांबतो. (हाताच्या लिव्हरवर चालणारा तेलातला क्लच वेगळा. त्याचे तेल आणि फिल्टर पाहावे, बाकी कंपनीच्या फिटरवर सोडावे.)

आधी दोष कुठे आहे ते ठरवा. काम चालू असताना बाजूला, दहा-पंधरा पावलांवर उभे राहून पाहा. ट्रॅक्टरमधून निघालेला दांडा फिरतोय आणि पाती उभी असतील, तर क्लचला हात लावू नका. शिअर बोल्ट तुटला असेल किंवा रोटाव्हेटरचा गिअर, साखळी गेली असेल. दांडाच थांबतोय, ट्रॅक्टर मात्र जोरात ओढतोय, तर पी.टी.ओ.ची प्लेट घसरतेय. दोन्ही ढिले पडत असतील तर पहिला संशय पेडलवर घ्यावा.

जवळ जाऊन मात्र पाहू नये. ५४० फेऱ्या म्हणजे सेकंदाला नऊ. धोतराचा सोगा, उपरणे किंवा पदर गुंतला तर क्लच दाबायलाही उसंत मिळत नाही. इंजिन बंद, चावी खिशात, मगच हात घालावा. आणि दांड्यावरचे प्लॅस्टिकचे कव्हर 'अडचण होते' म्हणून काढून गोठ्यात टाकलेले असेल, तर ते आजच बसवा.

पेडलला वरच्या बाजूस थोडी मोकळी चाल हवी. किती, ते ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. प्लेट झिजते तशी ही चाल कमी होते. ती उरलीच नाही की पाय न ठेवताही क्लच किंचित दाबलेला राहतो आणि घसरतो. हे काम दोन पान्यांचे आहे. उलट चाल फार वाढली तर पेडल पुरते दाबूनही पी.टी.ओ. थांबत नाही. पावसाळ्यात ट्रॅक्टर बरेच दिवस उभा राहिल्यास प्लेट गंजून चिकटते, तेव्हाही असेच होते. म्हणून उभा करताना पेडल दाबून लाकडाची फळी अडकवून ठेवावी.

आता तेल. क्लच हाउसिंगच्या तळाशी बारीक भोक असते, बहुधा त्यात स्प्लिट पिन असते. भाताच्या चिखलणीला ते बुजवतात आणि मग विसरतात! ते मोकळे करून पाहा. काळे, पातळ तेल ठिबकले तर इंजिनच्या मागचे सील गेले. घट्ट, गिअर तेलाच्या वासाचे असेल तर गिअरबॉक्सच्या पुढचे. तेल प्यालेली प्लेट बदलावीच लागते, पण सील न बदलता नवी टाकली तर तीही तेल पिणार.

एवढे पाहूनही घसरत असेल तर खोलावे. शेतात नव्हे, पक्क्या जमिनीवर. बॅटरीची तार काढून, पुढच्या एक्सलला दोन्हीकडून लाकडी पाचर मारून, दोन्ही भागांखाली भक्कम घोडी लावून. नुसत्या जॅकवर कधीच नाही. आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नये. जुन्या प्लेटांत अॅस्बेस्टॉस असू शकते, ओल्या फडक्याने पुसावी.

खोलायची मजुरी एकदाच पडते. तेव्हा दोन्ही प्लेटा, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि सील एकदमच पाहून घ्यावे. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चिरा आहेत का पाहा. लेथवर घ्यावे लागले तर पायरीची खोली कायम राहिली पाहिजे. रिलीज बेअरिंग डिझेलात धुऊ देऊ नका, आतले ग्रीस निघून जाते. प्लेटा डमी शाफ्टवर मध्यात बसवाव्यात, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळावेत आणि सगळ्या फिंगरांची उंची मोजून सारखी करावी. अंदाजाने करणारा फिटर असेल तर मापपट्टी आपण पुढे करावी. जुने सामान परत मागून घ्यावे.

नवा क्लच टाकल्यावर ड्रायव्हरला दोन गोष्टी सांगा. पेडलवर पाय ठेवून चालवायचे नाही, आणि पी.टी.ओ. जोडताना रोटाव्हेटर जमिनीपासून जरासा उचललेला आणि इंजिन कमी वेगावर हवे. ३५-४० एच.पी.च्या ट्रॅक्टरला साधारण पाच फुटी रोटाव्हेटर पुरे. शेजाऱ्याचा सहा फुटी आहे म्हणून आपणही तोच जोडला, तर भारी काळ्या रानात नवी प्लेटही तग धरणार नाही.