माहिती चौकट : पांढऱ्या थर्माकोलची करामत

मूकपटांच्या काळात चित्रीकरण बहुतांशी उन्हावर चाले. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा मूकपट याच काळातला, १९२०चा. पुढे ‘सिंहगड’साठी (१९२३) त्याच कंपनीच्या बाबूराव पेंटरांनी कृत्रिम प्रकाश वापरला. दिवे आले, तरी ऊन परतवून वापरण्याची युक्ती काही मोडीत निघाली नाही. कारण उजेडाचा मऊपणा दिव्याच्या किमतीवर नव्हे, तर चेहऱ्याला दिसणाऱ्या प्रकाशस्रोताच्या आकारावर ठरतो. सूर्य अवाढव्य असला तरी आकाशात टिकलीएवढाच दिसतो, म्हणून सावलीची कड धारदार पडते. कोल्हापूरच्या रंकाळा तलावाकाठी भर उन्हात माणसाला सूर्याकडे पाठ करून उभे करा आणि थर्माकोलची मोठी पांढरी शीट समोरून हातभर अंतरावर धरा. आता चेहऱ्याला उजेड देते ती शीट. नाकाखालची सावली विरते, बुबुळात पांढरी चौकट चमकते.

चंदेरी कागद जास्त उजेड देतो, मग तोच का नको, असे कुणी म्हणेल. देतो खरा, पण गुळगुळीत कागद आरशासारखा वागतो, ऊन तसेच कडक परतवतो आणि डोळे मिटायला लावतो. तो चुरगाळून पुठ्ठ्यावर चिकटवला, तर उजेड बराच निवळतो. पांढरी शीट कमी उजेड देते हा आक्षेपही रास्त, पण ती जवळ आणली की उजेड वाढतो आणि मऊपणाही. रंगीत कापड मात्र टाळावे. त्याचा रंग थेट गालावर उतरतो.