कंपवात आणि आमचे दादा

कंपवाताचें नांव काढतांच डोळ्यांपुढें थरथरणारा हात उभा राहतो. परंतु घरच्या माणसांस अधिक दुःख देणारें लक्षण निराळेंच आहे. रोग्याचा चेहरा हळूहळू निर्विकार होतो, आवाज क्षीण होतो, आणि ज्या खुणांवरून आपण त्याची माया ओळखीत आलों, त्या एकेक करून पुसल्या जातात. आमचे वडील बंधू या व्याधीसह बारा वर्षें जगले व २०२३ सालीं निवर्तले. त्यांच्या आठवणीच्या आधारें याविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत.

जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरानें १८१७ सालीं सहा रोग्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें त्याचेंच नांव या रोगास मिळालें. मेंदूच्या अंतर्भागांत काळसर पेशींचा एक लहानसा पुंज असतो. तेथें डोपामिन नांवाचें द्रव्य तयार होतें. हालचालीस आरंभ करून देणें व तींत सहजता राखणें, हें त्या द्रव्याचें काम. पेशी नाश पावूं लागल्या म्हणजे तें अपुरें पडतें, आणि जी क्रिया नकळत होत असे ती प्रयत्नानें करावी लागते. स्मित हीदेखील स्नायूंची एक हालचालच होय. तें उमटलें नाहीं म्हणजे आनंद झाला नाहीं, असें नव्हे.

दादांच्या घरीं प्रथम हाच घोटाळा झाला. नातवंडांच्या गमतींना खदखदून हसणारे आजोबा नुसते टक लावून पाहूं लागले, तेव्हां ते रागावले असें मुलांनीं ठरवून टाकलें. अखेर दादाच एके दिवशीं म्हणाले, "अरे, मी आंत हसतों आहें, तोंडाला तें वेळेवर कळत नाहीं!" तेव्हांपासून मुलें गंमत सांगतांना त्यांचा हात हातांत घेत, आणि किंचित् दाब जाणवला कीं टाळ्या पिटीत.

परगांवच्या लेकीस दर महिन्यास पत्र लिहिण्याचा त्यांचा परिपाठ होता. पहिल्या ओळीचें अक्षर हरभऱ्याएवढें, तर शेवटचें मोहरीएवढें होई. रुंद रेघांचा कागद दिल्यावर अक्षर पुष्कळसें सुधारलें. दारापाशीं पाय जमिनीस खिळत. तेथें जमिनीवर आडव्या पट्ट्या आंखल्यावर ते त्या ओलांडीत चालूं लागले. बाहेरची खूण किंवा ताल मिळाला म्हणजे पुष्कळ रोग्यांचें अडलेलें पाऊल असें सुटतें.

१९६० नंतरच्या दशकांत लेव्होडोपा हें औषध प्रचारांत आलें. मेंदूंत त्याचें डोपामिन बनतें. आपल्याकडील खाजकुइलीच्या बियांतही हेंच द्रव्य असतें. मात्र प्रमाण वैद्यकीय सल्ल्यानेंच ठरावें. या औषधानें रोग समूळ जात नाहीं, पण हालचाल सुलभ होते. तें ठरल्या वेळींच दिलें पाहिजे. वहिनींनीं घड्याळ लावून तें व्रतासारखें सांभाळलें.

कित्येक रोग्यांस खरेंच औदासीन्यही ग्रासतें व त्यावर उपचार आहेत. म्हणून चेहऱ्यावरून तर्क करूं नये. प्रेमानें विचारावें, आणि उत्तर येईपर्यंत थांबावें. उत्तरास उशीर होतो, पण तें देणारा माणूस आपलाच असतो.