हरित हायड्रोजन : युरियाच्या गोणीतला हिशेब
ऊर्जेची नवी वाट – लेखांक ३

मागील लेखात आपण सौर वीज साठवण्याचे पर्याय पाहिले. त्यातला सर्वांत चर्चेतला पर्याय म्हणजे हरित हायड्रोजन. पण सोलापूर जिल्ह्यातल्या टेंभुर्णी परिसरातल्या ऊस उत्पादकाचा हायड्रोजनशी संबंध आजही आहे, आणि तो युरियाच्या गोणीतून येतो.

युरिया बनतो अमोनियापासून. अमोनिया बनतो हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्या संयोगातून. ४५ किलोच्या एका गोणीसाठी साडेपंचवीस किलो अमोनिया लागतो आणि त्यात साडेचार किलो हायड्रोजन असतो. अलिबागजवळच्या थळ इथल्या राष्ट्रीय केमिकल्सच्या कारखान्यात किंवा देशातल्या इतर खत कारखान्यांत हा हायड्रोजन नैसर्गिक वायूतून काढतात. देशाला लागणाऱ्या या वायूपैकी जवळपास निम्मा आयात होतो. शिवाय एक किलो हायड्रोजन मिळवताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

हाच हायड्रोजन पाण्यातूनही मिळतो. इलेक्ट्रोलायझर नावाच्या यंत्रात पाण्यातून वीज सोडली की ऋणाग्रापाशी हायड्रोजन आणि धनाग्रापाशी ऑक्सिजन जमा होतो. दोन्ही वायू मिसळू नयेत म्हणून मध्ये पडदा असतो. नऊ लिटर पाण्यातून एक किलो हायड्रोजन आणि आठ किलो ऑक्सिजन मिळतो. ही वीज सूर्य, वारा अशा अक्षय स्रोतांतली असेल तर तो हायड्रोजन हरित. कोळशाच्या विजेवर हेच यंत्र चालवले तर हवेत जाणारा कार्बन उलट वाढतो. केंद्र सरकारने २०२३ मध्ये मर्यादा ठरवून दिली आहे : किलोमागे कार्बन उत्सर्जन दोन किलोपेक्षा जास्त नको.

उजनी धरणाचा साठा उण्यात गेल्याच्या बातम्या सोसलेल्या भागात पहिला प्रश्न पाण्याचाच येणार. शुद्धीकरणात वाया जाणारे धरून किलोमागे साधारण २० लिटर पाणी लागते. पाटपाण्यावरच्या एक एकर उसाला वर्षाकाठी ८० लाख लिटर तरी पाणी जाते. तेवढ्या पाण्यात ४ लाख किलो हायड्रोजन तयार होईल. तो सुमारे ८९ हजार गोण्यांना पुरेल.

खरी अडचण विजेची आहे. एका किलोला किमान ५० युनिट, म्हणजे ४ लाख किलोला २ कोटी युनिट वीज हवी. त्यासाठी सुमारे १३ मेगावॅटचा सौर प्रकल्प आणि ५० एकरांच्या आसपास जमीन लागेल. पाणी एका एकराचे, पण ऊन पन्नास एकरांचे.

म्हणून हा हायड्रोजन कुठे वापरायचा हे जपून ठरवायला हवे. ५० युनिट खर्चून मिळालेल्या एका किलोत ३३ युनिट ऊर्जा उरते. इंधनघटातून (फ्युएल सेल) तिची पुन्हा वीज केली तर हाती येतात जेमतेम १६ ते १८ युनिट. सीएसआयआर ही संशोधन संस्था आणि केपीआयटी ही कंपनी यांनी बनवलेली इंधनघटावरची बस ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात सादर झाली. लांब पल्ल्याच्या अवजड वाहनांसाठी असे प्रयोग हवेतच. पण शेतपंपाला किंवा घराला सौर वीज थेट देता येत असताना मध्ये हायड्रोजन घालणे म्हणजे दोन तृतीयांश वीज गमावणे. खत, तेलशुद्धीकरण आणि पोलाद या उद्योगांत मात्र हायड्रोजनचा रेणूच लागतो, नुसत्या विजेने भागत नाही. पहिला हक्क त्यांचा.

युरियाला आणखी एक घटक लागतो, तो म्हणजे कार्बन डायऑक्साइड. गोणीमागे ३३ किलो. आज तोही नैसर्गिक वायूतूनच मिळतो. वायू बंद केला तर तो आणायचा कुठून? साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळी आंबवताना जवळपास शुद्ध कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ४४ लिटर इथेनॉल तयार होताना एका गोणीपुरता वायू सुटतो. ऊन, ऊस आणि डिस्टिलरी या तिन्ही गोष्टी सोलापूर जिल्ह्यात जवळजवळ आहेत.

जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. त्यात २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्राने स्वतःचे धोरण आणले. या धोरणाचा लाभ बंदरांजवळच्या मोठ्या प्रकल्पांपुरता राहू नये. साखरपट्ट्यातल्या सहकारी संस्थांनी आपल्या डिस्टिलरीतून वर्षाला किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्याची नोंद तरी आजपासून ठेवायला हवी. तो आकडा हाती असेल, तरच उद्या खत कंपनीशी बोलणी करता येतील.

पुढील लेखात : हायड्रोजनची साठवण, वाहतूक आणि सुरक्षितता.