समितीतली एक खुर्ची

नगरहून निघून करंजीचा घाट ओलांडला, की पाथर्डीच्या अलीकडे तिसगाव लागतं. बाजाराचं गाव. भोवतीचा मुलूख कमी पावसाचा, म्हणून इथला माणूस पिकापेक्षा जनावरावर भरवसा ठेवून जगतो. ऊसतोडीला जाणाऱ्यांचे बैल, धनगरांची खांडं, घराघरांपुढे बांधलेली दोन शेरडं. जवळच मढीला कानिफनाथांच्या यात्रेत रंगपंचमीच्या सुमारास गाढवांचा बाजार भरतो. दात बघून वय सांगणारी आणि चालीवरून दुखरा पाय ओळखणारी माणसं मी तिथं लहानपणापासून पाहत आलो आहे. या लेखाचा विषय मात्र प्रयोगशाळेतले प्राणी आणि त्यांच्यावरच्या संशोधनासाठी अनुदान मागताना लागणारी परवानगी हा आहे. मढीच्या बाजारातल्या त्या माणसांचा या परवानगीशी संबंध असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

2022 च्या पावसाळ्यात लम्पी आला. राज्यभर जनावरांचे बाजार बंद झाले. गोठ्यागोठ्यांत अंगभर गाठी आलेली, पाय सुजलेली जनावरं उभी होती. तेव्हा गाईबैलांना टोचली गेली ती शेळ्यांच्या देवीची लस. त्याच वर्षी 10 ऑगस्टला खास लम्पीसाठी बनवलेली ‘लम्पी-प्रोव्हॅक-इंड’ ही लस जाहीर झाली. हिसारची अश्व संशोधन संस्था आणि इज्जतनगरची पशुवैद्यक संस्था यांचं ते काम. लस तिसगावच्या गोठ्यात पोचण्याआधी कुठंतरी काही जनावरांना ती मुद्दाम टोचावी लागते आणि रोगाशी मुद्दाम गाठ घालून द्यावी लागते. आपल्या गाईसाठी दुसऱ्या कुणाची तरी वासरं हे सोसतात. त्यांच्या बाजूनं कोण बोलतं, हा माझ्या दृष्टीनं या सगळ्या विषयाचा गाभा आहे.

मुंबईत प्लेगची साथ असताना वाल्डेमार हाफकिन यांनी 10 जानेवारी 1897 रोजी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. जनावरांसाठी परवानगी मागण्याची पद्धत तेव्हा इथं नव्हतीच. इंग्लंडनं मात्र आपल्यापुरता कायदा 1876 मध्येच केला होता. आपल्याकडे ती वाट दाखवली नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी. राज्यसभेवर नियुक्त झाल्यावर त्यांनी प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्ध खासगी विधेयक आणलं. पुढे सरकारनं स्वतःचं विधेयक मांडलं आणि त्यातून 1960 चा कायदा झाला.

या कायद्याचं चौथं प्रकरण प्रयोगांविषयी आहे, आणि ते मुळातून वाचण्यासारखं आहे. कलम 14 प्रयोगांना मोकळीक देतं. कलम 17 त्या मोकळिकीला कुंपण घालतं: टाळता येईल तिथं प्रयोग टाळावा, लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नये, चिरफाडीला भूल द्यावी, नुसता हात बसावा म्हणून जनावर कापू नये, नोंदी ठेवाव्यात. 1960 साली लिहिलेलं हे शहाणपण आजही पुरेसं आहे. दंड मात्र फार तर 200 रुपये ठेवला. तिसगावच्या बाजारात एवढ्यात धड कोंबडी येत नाही.

या कायद्याखालची केंद्रीय समिती 1964 मध्ये नेमली गेली, पण व्यवहारात धाक बसला तो 1998 च्या नियमांनी. प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेनं नोंदणी करायची आणि स्वतःची नीतिसमिती नेमायची. तिच्यात आठ जण: एक जीवशास्त्रज्ञ, वेगळ्या शाखांतले दोन शास्त्रज्ञ, प्राण्यांची देखभाल करणारा पशुवैद्य, प्राणिगृहाचा प्रमुख, संस्थेबाहेरचा एक शास्त्रज्ञ, केंद्रीय समितीचा प्रतिनिधी आणि शास्त्रज्ञ नसलेला, सामाजिक भान असलेला एक सदस्य. संशोधकानं ‘फॉर्म बी’ भरून या समितीपुढं यायचं. प्राणी कोणते, किती, तेवढेच का, प्राण्याविना का भागत नाही, वेदना कशी कमी करणार, शेवटी त्यांचं काय करणार. उंदीर, ससे असतील तर संस्थेची समिती मंजुरी देऊ शकते. माकड, कुत्रा, मेंढी असे मोठे प्राणी असतील तर तिची शिफारस घेऊन कागद केंद्रीय समितीकडे जातात.

‘तेवढेच का’ हा त्यातला सर्वांत अवघड प्रश्न. कोव्हॅक्सिनच्या वेळी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं 20 ऱ्हीसस माकडांवर चाचणी केली. पाच-पाचांचे चार गट, त्यातल्या तीन गटांना लसीचे तीन वेगवेगळे प्रकार आणि एका गटाला नुसती फसवी सुई. संख्या कमी पडली तर निष्कर्ष लंगडा होतो आणि सगळ्यांचं सोसणं फुकट जातं. जास्त झाली तर जादा माकडं विनाकारण भरडली जातात. हा हिशेब संख्याशास्त्राचा आहे, तितकाच दयेचाही आहे.

रसेल आणि बर्च या इंग्रज अभ्यासकांनी 1959 मध्ये तीन सूत्रं मांडली: प्राण्याऐवजी पर्याय शोधा, संख्या घटवा, पद्धत सौम्य करा. जगभरचे नियम त्यांवर उभे आहेत. भारतानं त्यांत चौथं सूत्र घातलं, पुनर्वसनाचं. प्रयोगानंतर प्राण्याला सांभाळायचं आणि त्याचा खर्च संशोधनाच्या खर्चातच धरायचा, असं आपली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. अनुदानाच्या अर्जात रसायनं, यंत्रं आणि प्रवास यांच्या जोडीला म्हाताऱ्या जनावराच्या चाऱ्याची ओळ असावी, ही कल्पना मला फार मोलाची वाटते. थकलेल्या बैलाला दावणीला ठेवून घेणाऱ्या शेतकऱ्याला ती समजावून सांगावी लागणार नाही.

परवानगी कधी मागायची, याच्या रीती वेगवेगळ्या आहेत. अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था अर्ज करतानाच ती मागत नाही, पैसे मिळण्याची चिन्हं दिसल्यावर मागते. आपल्याकडे जैवतंत्रज्ञान विभाग किंवा वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या प्रकल्पांत समितीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. माझं मत असं, की प्रमाणपत्र शेवटी जोडायचा कागद झाला की समितीचा उपयोग संपतो. प्रकल्पाचा आराखडा पक्का झाल्यावर ‘दहा प्राणी कमी करा’ म्हणणं जवळजवळ अशक्य असतं. विचारायचं तर कल्पना कच्ची असतानाच विचारावं.

आणि कुणाला विचारावं? फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचं काम इथं आठवतं. सुंदरबनच्या गारोळ मेंढीतलं जुळ्यांचं जनुक त्यांनी आपल्या दख्खनी मेंढीत आणलं. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा जोडीला होती, ऑस्ट्रेलियाच्या कृषी संशोधन केंद्राचा पैसा होता. पण खरी परीक्षा झाली ती मेंढपाळांच्या खांडात. रोज मैलोगणती चालणाऱ्या मेंढीला दोन कोकरं पाजणं झेपेल का, याचं उत्तर तिच्या मागं चालणारा माणूसच देऊ शकतो. आपल्याच जिल्ह्यात राहुरीच्या कृषी विद्यापीठात दख्खनी मेंढी आणि संगमनेरी शेळी यांवर काम चालतं, तिथंही हाच प्रश्न लागू आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागात एका संस्थेची माणसं रक्ताचे नमुने घ्यायला आली होती. खांड तात्यांचं. आम्ही त्यांना तात्याच म्हणतो, आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. त्यांनी विनवलं, मेंढ्या गाभण आहेत, उन्हाचं कोंडू नका, सांजच्याला या. पाहुण्यांना परतायची घाई होती. भर दुपारी मेंढरं वाघरीत कोंडून एकेक धरली. त्या आठवड्यात दोन मेंढ्यांनी गाभ टाकला. उन्हानं, भीतीनं की आणखी कशानं, कोण सांगणार? रक्ताच्या तपासणीत काय निघालं, तेही तात्यांना कधी कळलं नाही.

2010 मध्ये शास्त्रज्ञांनी उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची पट्टी तयार केली. 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी मेंढीसाठी तशीच पट्टी आणली: कान कसे पडलेत, डोळे किती मिटलेत, नाकपुड्या कशा आवळल्यात. उत्तम काम आहे ते. पण तात्या हे न मोजता बघतात. मेंढी दुखणं लपवते, खांडाच्या मागं राहते, रवंथ थांबवते, हे त्यांना पहाटेच्या अंधारातही कळतं. समितीतली शास्त्रज्ञ नसलेल्या सदस्याची खुर्ची अशा माणसाला का मिळू नये? आडवी येते ती भाषा. फॉर्म इंग्रजीत, चर्चा इंग्रजीत. निदान मेंढ्या-शेळ्या आणि गाईगुरांच्या प्रकल्पांचे फॉर्म मराठीत वाचून दाखवता येतील.

यंदा मी ते करून पाहिलं. तात्यांच्या वाड्यावर बसून ‘फॉर्म बी’तले प्रश्न एकेक करून मराठीत सांगितले. ते मान हलवत होते. किती जनावरं, ठीक. भूल देणार का, ठीक. नंतर कुठं जाणार, हे विचारतात ते बरं करतात, म्हणाले. मग थोडं थांबून त्यांनीच विचारलं, “अन्‌ खांडातनं काढल्यावर एकलीच ठेवत्यात का रं तिला? एकली मेंढी चारा खात नाही. तुमच्या सुईनं दुखलं का एकलेपणानं, कसं वळखायचं मग?”

मी ते वहीत उतरवून घेतलं. तोवर ते वाघर हलवायला उठले होते.